बियाणेवाटपाचा हिशेब दुसऱ्या हंगामात करावा : आदिवासी शेतकरी, प्रशिक्षण आणि बियाणे

डोंगरवाट (मूळ लेखन)

उन्हाळा सरत आला की शहरांतील मंडळे, कंपन्यांचे सामाजिक निधी सांभाळणारे विभाग आणि उत्साही मित्रगट यांच्याकडून एक विचारणा हमखास येते : आदिवासी शेतकऱ्यांना बियाणे वाटायचे आहे, कोणते घ्यावे आणि किती घ्यावे? पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा तालुक्यांच्या पाड्यांवर भात, नाचणी आणि वरईच्या बियाण्याचे काम करणाऱ्या एका लहान गटाबरोबर मी असतो, त्यामुळे हा प्रश्न फिरून माझ्यापर्यंत पोहोचतो. प्रत्येकाला वेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, म्हणून हा धागा.

माझे म्हणणे असे आहे की, किती पिशव्या वाटल्या यावर या कामाचे यश मोजूच नये. ज्या घराला यंदा बियाणे मिळाले त्या घराने पुढच्या वर्षी आपल्याच कणगीतले बियाणे पेरले का, आणि शेजारच्या घराला त्यातले थोडे दिले का, एवढे दोन प्रश्न दुसऱ्या हंगामात जाऊन विचारावेत. त्यांची उत्तरे होकारार्थी यायची असतील, तर वाटपाआधीच काही गोष्टी ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट वेळेची. आमच्या भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. रोपे करायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या बारीक फांद्या आणि गवत यांचे थर देतात, वर मातीचा पातळ थर टाकतात आणि पावसाळ्यापूर्वी ते पेटवतात. त्यानंतर कोणी धूळवाफेवरच (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरून मोकळा होतो, कोणी मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर पेरतो. म्हणजे बियाणे रोहिणी नक्षत्र संपायच्या आत घरात असले पाहिजे. जूनच्या शेवटी किंवा जुलैमध्ये फलक लावून वाटलेली पिशवी त्या वर्षी राबात जात नाही; ती घरात पडून राहते किंवा कांडून खाल्ली जाते. यात एक धोकाही आहे, ज्याकडे वाटणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. बाजारातील पुष्कळसे बियाणे बुरशीनाशक लावलेले असते आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला लाल-गुलाबी रंग दिलेला असतो. ऐन पावसाळ्यात घरातले धान्य संपत आलेले असताना असे बियाणे उशिरा हातात ठेवणे हे सरळ धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. आमच्याकडे भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे प्रकार प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असतात. हळवे लवकर तयार होते, गरव्याला सर्वांत जास्त दिवस लागतात. उतारावरच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरात हळवेच हवे, कारण सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की तिथली ओल झपाट्याने जाते. अशा शेतकऱ्याला ‘जास्त उत्पादन देणारे’ म्हणून गरवे बियाणे दिले, तर दाणा भरण्याच्या वेळी जमीन कोरडी पडते आणि हाती पळिंज (दाणा न भरलेले पोकळ भात) लागते. खाली ओहोळाच्या कडेला ज्याचे खाचर आहे, त्याला मात्र तेच गरवे सोन्यासारखे पिकते. एकाच पाड्यावर दोन्ही प्रकारचे शेतकरी असतात, म्हणून एकाच वाणाच्या शंभर पिशव्या घेण्यापूर्वी पाड्यावर जाऊन कोणाचे खाचर कुठे आहे ते पाहावे.

तिसरी गोष्ट सुधारित आणि संकरित यांतील फरकाची. रत्नागिरी २४, कर्जत ३ किंवा दापोली १ नाचणी हे सुधारित, सरळ वाण आहेत. त्यांचे बियाणे नीट निवडून ठेवले तर पुढच्या वर्षी वापरता येते. संकरित बियाण्याच्या पहिल्या पिकातले दाणे पुन्हा पेरले की पीक एकसारखे येत नाही, कोणी उंच, कोणी ठेंगणे, कोणी आधी निसवते (लोंबी बाहेर टाकते) तर कोणी मागाहून. ज्या घरात दरवर्षी बियाण्यासाठी रोख पैसा निघत नाही, त्या घरात एका वर्षापुरते संकरित बियाणे फुकट देऊन आपण त्याचे जुने वाण घालवतो आणि दुसऱ्या वर्षी त्याला दुकानाच्या दारात उभे करतो.

चौथी गोष्ट प्रमाणाची. लावणीच्या भाताला हेक्टरी सुमारे ३५ ते ४० किलो बियाणे लागते, म्हणजे दहा गुंठ्यांना चार किलो पुरते. आम्ही एवढेच देतो. शेतकऱ्याने आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी नवे वाण लावून पाहावे आणि पसंत पडले तरच वाढवावे. नाचणीची लावणी करायची तर एका एकराला दोन किलो बियाणे भरपूर होते. सगळे शेत नव्या बियाण्याखाली आणण्याचा आग्रह धरणाऱ्या देणगीदाराला आम्ही नम्रपणे नकार देतो, कारण ते वाण फसले तर देणगीदाराचे फार तर एक छायाचित्र कमी होईल, पण त्या घराचे वर्षाचे खाणे जाईल.

आता प्रशिक्षण. सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून केलेल्या एका दिवसाच्या प्रशिक्षणातून फारसे काही राहत नाही. ते शेतावर आणि तीन वेळा व्हावे : पेरणीआधी, पीक फुलोऱ्यात असताना आणि कापणीला. पेरणीआधी उगवण तपासायची. गोणपाट ओले करून त्यावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्याने कोंब मोजायचे. ऐंशीच्या पुढे उगवले तर उत्तम, साठ-सत्तर असतील तर बियाणे थोडे वाढवायचे, त्याहून कमी असेल तर, बुरशीनाशक लावलेले नसेल तरच, ते खाण्यात काढायचे. मग मिठाच्या पाण्याची प्रक्रिया : दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतायचे, ढवळायचे आणि वर तरंगलेले पोचट दाणे काढून टाकायचे. तळाशी बसलेले भात दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. हे एकदा हाताने केले की पुन्हा सांगावे लागत नाही, कारण वर आलेल्या पोचट दाण्यांचा थर पाहिल्यावर आपण दरवर्षी राबात काय पेरत होतो ते प्रत्येकाला दिसते.

फुलोऱ्यात भेसळीची रोपे उपटायची, आणि कापणीच्या वेळी बांधाकडेच्या ओळी सोडून शेताच्या मधल्या भागातील चांगल्या लोंब्या बियाण्यासाठी वेगळ्या काढायच्या, त्यांची मळणी वेगळी करायची. वाळवण पुरेशी झाली की नाही ते आमच्याकडच्या आजीबाई दाणा दाताखाली धरून सांगतात. कट्ट आवाज करून तुटला तर झाले, नुसता दबला तर अजून दोन उन्हे हवीत. या बाबतीत त्यांना शिकवण्यासारखे आमच्याकडे काही नाही.

---

रोखठोक

लेख अभ्यासपूर्ण आहे, तरी एक मूलभूत शंका विचारतो. स्वतःचे बियाणे राखावे, जुने वाण सांभाळावेत, हा आग्रह नेहमी गरीब शेतकऱ्यालाच का केला जातो? नाशिककडचा बागायतदार टोमॅटोची रोपे थेट रोपवाटिकेतून आणतो, त्याला कोणी घरचे बी धर असे सांगत नाही. जैवविविधता टिकवण्याची जबाबदारी एकरभर वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन असलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवून आपण शहरात हातसडीचा तांदूळ शोधत फिरायचे, यात मला थोडा दांभिकपणा दिसतो. शिवाय आपण ज्या पाड्यांबद्दल लिहिता, तेथील निम्मी माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांना संकरित भाताने एका हंगामात दोन पोती जास्त मिळत असतील, तर तो निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यावा.

---

कृषिमित्र

मी कृषी विभागात सहायक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो (हल्ली त्या पदाला सहायक कृषी अधिकारी म्हणतात). डोंगरवाट यांनी वेळेचा मुद्दा मांडला आहे, त्याची दुसरी बाजू सांगतो.

आदिवासी उपयोजना (आदिवासींसाठी वेगळा राखलेला सरकारी निधी) पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून, म्हणजे १९७४-७५ पासून चालू आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे या निधीतून आदिवासी शेतकऱ्यांची प्रशिक्षणे घेतात आणि बियाणे, अवजारे, रोपे देतात. अनुसूचित जातींसाठीही तशीच उपयोजना आहे. हेतूत खोट नाही, पण सरकारी वर्ष मार्चमध्ये संपते आणि शेतीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. लक्ष्यांक येतो, याद्या होतात, मंजुऱ्या फिरतात आणि निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे असा आदेश येतो. त्यामुळे माझ्या काळात प्रशिक्षणांची गर्दी फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हायची, आणि त्या वेळी रोखठोक म्हणतात त्याप्रमाणे माणसे भट्ट्यांवर असायची. सभागृह भरण्यासाठी जे गावात उरले असतील त्यांना बोलावले जायचे. ज्यांना हे बदलायचे आहे त्यांनी एक साधी गोष्ट करावी : मार्चमध्ये बियाणे आणि साहित्य खरेदी करून ठेवावे, उगवण तपासून घ्यावी आणि वाटप मेमध्ये करावे. फक्त बियाण्याच्या पिशवीला जोडलेल्या खुणचिठ्ठीवरील चाचणीची तारीख पाहावी. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने असते. ती पेरणीच्या आधीच संपणार असेल तर ते घेऊ नये.

खुणचिठ्ठीचा रंगही पाहावा. पैदासकार बियाण्याला (वाण तयार करणाऱ्याचे मूळ बियाणे) सोनेरी पिवळी, पायाभूतला (त्यापासून वाढवलेले) पांढरी, प्रमाणितला (पायाभूतपासून वाढवून तपासलेले) निळी आणि सत्यप्रत बियाण्याला (उत्पादकाच्याच हमीवर विकलेले) हिरवट चिठ्ठी असते. गावातच बियाणे तयार करायचे असेल, तर पायाभूत बियाण्यापासून सुरुवात करणे चांगले. ग्रामबीजोत्पादन योजनेत एका शेतकऱ्याला एक एकरापुरते बियाणे सवलतीत मिळते, ते याच कामासाठी आहे. भात आणि नाचणी ही दोन्ही पिके स्वपरागित (आपल्याच परागकणांनी दाणा धरणारी) आहेत. प्रमाणित बीजोत्पादनातही दोन वाणांमध्ये तीन मीटर अंतर पुरते, म्हणजे एखादा रुंद बांध आणि दोन-चार ओळी सोडल्या तरी काम भागते. एकदा शुद्ध बियाणे मिळाले की तीन वर्षे तरी नवे आणावे लागत नाही.

प्रशिक्षणाबद्दल एक भर. डॉ. नारायण सावंत यांची भाताची चारसूत्री पद्धत आपल्याकडे जुनी आहे : तुसाची राख आणि पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्प या झाडाचा हिरवा पाला, दोरीने नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी खोलवर खोचणे. उतारावर मुसळधार पावसात फोकून दिलेला युरिया वाहून जातो, गोळीतला मात्र मातीत राहतो, हा या पद्धतीचा खरा फायदा. अडचण एवढीच की पहिल्या वर्षी आवणीला (रोपांच्या लावणीला) मजूर जास्त लागतात आणि दोरी धरायला दोन माणसे अडकतात. ज्या घरात आवणी करणारी दोनच माणसे आहेत त्यांना चारही सूत्रे एकदम सांगू नयेत. आधी गोळी आणि गिरिपुष्पाचा पाला सांगावा, दोरी मागाहून.

---

मोखाड्याचा

मी याच भागातला, आमचे घर शेतीवरच आहे. रोखठोक, तुमचा प्रश्न मला पटला आणि खटकलाही. निर्णय आमचा आम्ही घ्यावा हे अगदी बरोबर, परंतु निर्णय घेण्यासाठी समोर दोन्ही पर्याय असावे लागतात. आमच्या पाड्यावर एका वर्षी संकरित भात फुकट आले, सर्वांनी लावले, पीक चांगले आले. पुढच्या वर्षी ते आले नाही आणि जुने बी कोणाकडे फारसे उरले नव्हते. मग शेजारच्या गावातून दीडपट परतीच्या बोलीवर बी आणले गेले. तोटा त्या संकरित भातात नव्हता, पुढच्या वर्षी काय करायचे हे कोणी सांगितले नाही यात होता.

प्रशिक्षणाविषयी सांगायचे तर, तिथे खुर्चीवर पुरुष बसतात आणि बी मात्र आमच्या घरी आई ठेवते. कोणत्या शेतातल्या नाचणीची कणसे बियाण्याला धरायची, ती चुलीवरच्या माळ्यावर कुठे टांगायची, वालाच्या दाण्यांना राख किती लावायची, कणगीत निरगुडीचा पाला केव्हा घालायचा हे तिला माहीत असते. तिला कधीच बोलावले गेले नाही, आणि बोलावले असते तरी दुपारी बाराच्या प्रशिक्षणाला ती येऊ शकली नसती. कार्यक्रम पाड्यावर, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवा. आणि शिकवणारा माणूस आमची बोली समजणारा असू द्या.

आणखी एक. वरकसावर आम्ही पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई आणि मग खुरासणी (कारळे) घेतो, नंतर जमीन पडीक ठेवतो. बियाणे देणारे फक्त भाताचे आणि फार तर नाचणीचे देतात. वरई आणि खुरासणीचे चांगले बी मागूनही मिळत नाही.

---

गोदाकाठ

मी नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यात महिला बचत गटांबरोबर काम करते. देशी बियाणे जपणाऱ्या, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव सर्वांना माहीत आहे. २०२० सालची पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांच्या कामाबद्दल लिहिताना बहुतेक जण भांडीभर जुन्या वाणांचे कौतुक करून थांबतात. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. ते बियाणे केवळ जपलेले नाही, ते दरवर्षी पेरले जाते, वाटले जाते आणि परत येते. ग्रामविकासाचे काम करणारी बाएफसारखी संस्था पाठीशी असल्याने त्या साठ्याला नोंदींची आणि बियाणे बँकेची शिस्त लागली, परंतु निवड करणारी नजर त्यांची आणि त्यांच्याबरोबरच्या बायांचीच आहे.

आमच्या गटांत परतीचा नियम आम्ही मवाळ ठेवला आहे. नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट परत करावे असे बऱ्याच बियाणे बँकांमध्ये ठरलेले असते. चांगल्या वर्षी बाया आनंदाने देतात, पण पाऊस फिरला त्या वर्षी दुप्पट मागणे म्हणजे सावकारीच. म्हणून पीक बुडालेल्या घराची परतफेड पुढच्या वर्षावर जाते, आणि हे गटाच्या बैठकीत सर्वांसमोर ठरते. परत आलेले बी तसेच साठ्यात ओतत नाही. आधी गोणपाटावर उगवण, मग डोळ्यांनी भेसळ पाहणे आणि मगच नोंद. एका बाईने आणलेल्या भातात दोन वाणांचे दाणे निघाले, तेव्हा ते नाकारण्याऐवजी गटाने तिथेच बसून निवडून घेतले. तो अर्धा दिवस कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा उपयोगी पडला असे मला वाटते, कारण कोणता दाणा कोणाचा यावर तिथे खरोखरचे भांडण झाले.

---

सातपुडा

नंदुरबारच्या धडगाव भागातील अनुभवावरून एक सावधगिरी सुचवतो. वर भात आणि नाचणीबद्दल जे सांगितले आहे ते मक्याला लावू नका. मका परपरागित आहे, त्याचे परागकण वाऱ्यावर दूर जातात. प्रमाणित बीजोत्पादनात सरळ वाणासाठीही दोनशे मीटर अंतर राखावे लागते. आमच्याकडे पांढरा देशी मका भाकरीसाठी सर्वांना हवा असतो, परंतु बांधाला बांध लावून संकरित मका पेरला गेला की त्याच वर्षी कणसात पिवळे दाणे दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे पेरणीची वेळ इतकी मागे-पुढे करायची की दोन्हींचा फुलोरा एकत्र येणार नाही, किंवा सलग शेतांच्या एका फळीतील सर्वांनी मिळून एकच मका लावायचा. दुसरा उपाय बियाण्याचा कमी आणि गावकीचा जास्त आहे, म्हणून तो प्रशिक्षणात शिकवण्यापेक्षा ग्रामसभेत ठरवावा लागतो. भोपळा, दोडका, काकडी यांचेही तसेच, तिथे वारा नसून कीटक काम करतात.

राज्य सरकारने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोशासाठी पाच वर्षांकरिता १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले, त्यात पिकांच्या स्थानिक वाणांचाही समावेश आहे. चांगली गोष्ट आहे, पण शीतगृहात ठेवलेला नमुना आणि शेतात दरवर्षी पेरले जाणारे बी यांची गल्लत होऊ नये. पाऊस बदलला की शेतातले बी त्याच्याबरोबर बदलत जाते.

---

टिपणवही

दोन गोष्टी कागदपत्रांविषयी. अनुदानावरच्या बियाण्यासाठी आणि विहीर, पंप, ठिबक देणाऱ्या बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेसारख्या लाभासाठी जमिनीचा कागद लागतो. डोंगरातील पुष्कळ कुटुंबे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्यावर शेती करतात. तो हक्क जास्तीत जास्त चार हेक्टरांपर्यंतचा, वारसांकडे जाणारा पण विकता न येणारा असतो, आणि पती-पत्नीच्या संयुक्त नावाने दिला जातो. ज्यांचे दावे अजून प्रलंबित आहेत त्यांच्याकडे दाखवायला तोही कागद नसतो. खासगी गटांनी बियाणे वाटताना ‘सातबारा आणा’ अशी अट घातली, तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच गळतात. यादी ग्रामसभेकडून घ्यावी.

कातकरी कुटुंबांचा विचार वेगळा करावा लागेल, कारण त्यांच्यापैकी अनेकांकडे शेतीच नाही. त्यांना भाताच्या पिशव्या देण्यात अर्थ नाही. घराभोवतीच्या चार हात जागेत वाल, पडवळ, भोपळा, शेवगा, अळू एवढे झाले तरी पावसाळ्यात ताटात भाजी येते.

पैशाचा एक मार्गही सुचवतो. पेसा (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो आणि त्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते. ज्या गावाला बियाण्याची खोली, पत्र्याच्या कोठ्या, वजनकाटा हवा आहे त्याने देणगीदाराची वाट पाहण्यापेक्षा हा ठराव मांडून पाहावा.

---

परदेशी पाखरू

चर्चा वाचून फार शिकायला मिळाले. आम्ही काही मराठी कुटुंबे अमेरिकेत राहतो आणि अशा कामाला मदत करू इच्छितो. पैसे पाठवणे सोपे आहे का? शिवाय इथे भाज्यांची जुनी, सरळ वाणांची बियाणी छान मिळतात; भारतात येताना ती घेऊन येऊ का?

---

कृषिमित्र

बियाणे अजिबात आणू नका. परदेशातून बियाणे आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, आणि ही अट उगाच घातलेली नाही. बियाण्याबरोबर रोग येतात, ते पाड्यावरच्या परसबागेत पोहोचले तर निस्तरणे कठीण.

पैशांचे म्हणाल तर, ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे दिलेली देणगी परकीय योगदान धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली येते आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी असावी लागते. संस्थेला आधी तेवढे विचारा.

---

रोखठोक

बऱ्याच शंका फिटल्या. मोखाड्याचा यांचे म्हणणे मान्य आहे. तरीही बाजाराचा प्रश्न शिल्लक राहतोच. नाचणीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर झाला होता; असा हमीभाव पाड्यावर कोणाला मिळतो? उत्तम बियाणे, उत्तम पीक आणि शेवटी आठवडे बाजारात व्यापारी म्हणेल तो भाव, असे होत असेल तर पुढच्या वर्षी कोणी नाचणी का लावावी? दुसरे म्हणजे, गावात तयार केलेले बियाणे एकमेकांना विकणे कायद्यात बसते का? उद्या कोणी तक्रार केली तर बचत गटाच्या बाया अडचणीत येतील.

---

डोंगरवाट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे साठवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. फक्त त्यावर नाममुद्रा आणि वेष्टन लावून ते ब्रँडचे बियाणे म्हणून विकता येत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या कलम २४ नेही, शेतकऱ्याने स्वतः पिकवून आपल्याच जागेवरून थेट दुसऱ्याला पेरणीसाठी दिलेले बियाणे त्या कायद्यातून वगळले आहे. बचत गटाने रंगीत छापील पिशव्या करण्याचा मोह टाळला की झाले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. आमच्या भागात बहुतेक नाचणी घरीच खाल्ली जाते, आणि शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारे धान्य पोरांच्या पोटात जाते, हे मला कमी मोलाचे वाटत नाही. वरईची गोष्ट निराळी. शेतकरी ती न कांडता, कवचासह विकतो, नाशिकच्या गिरण्यांमध्ये तिची भगर होते आणि एकादशीला आपण ती कितीतरी जास्त भावाने घेतो. मधला फरक पाड्यावर राहायचा असेल तर कवच काढण्याचे लहान यंत्र हवे, नाही तर उखळात वरई कांडणे हे बाईच्या अंगावरचे सर्वांत जड काम आहे, आणि त्यामुळेच तरुण मुली वरई नको म्हणतात. देणगीदारांनी बियाण्याऐवजी असे यंत्र आणि ते चालवणाऱ्या दोन बायांचे प्रशिक्षण यासाठी पैसे दिले, तर वरईचे क्षेत्र आपोआप टिकेल असा माझा कयास आहे. मात्र यंत्र घेण्यापूर्वी पाड्यावर वीज किती तास आणि किती दाबाने असते ते पाहून घ्यावे.

मोखाड्याचा, आपण वरई आणि खुरासणीच्या बियाण्याचा मुद्दा काढला तो रास्त आहे. वरईचे ‘फुले एकादशी’ हे राहुरीच्या विद्यापीठाचे सुधारित वाण आहे. आमचा गट ते आणि दोन पाड्यांवरची जुनी वरई शेजारी-शेजारी लावून पाहणार आहे. आपल्या घरी बियाण्याची जुनी वरई असेल तर तीही त्यात घेऊ. आईंना विचारून कळवावे. निवड कापणीच्या वेळी पाड्यावरच्या बायाच करतील, आम्ही फक्त वजन करून नोंद ठेवू.

---

मोखाड्याचा

आईला विचारले. तिच्याकडे दोन प्रकारची वरई आहे, एक लवकर येणारी आणि एक उशिराची. दोन्ही द्यायला ती तयार आहे, पण बी किती हवे ते आत्ताच सांगा, कारण उरलेली ती कांडायला काढणार आहे. आणि निवडीच्या दिवशी मला नको, तिलाच बोलवा असे म्हणाली.

---

डोंगरवाट

प्रत्येकी अर्धा किलो पुरे. कापडी पिशवीत वेगवेगळी बांधून, आत चिठ्ठी टाकून ठेवा : वाणाचे घरातले नाव, कोणत्या शेतातली, कधी कापली. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम धरते. रोहिणी नक्षत्र लागण्याआधी मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि निवडीचा दिवस ठरला की त्यांनाच निरोप देईन.